घरचा संगणक : गाठोड्याचे नाव आधी



विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि कितीतरी घरांतले चांगले चालते लॅपटॉप एका दिवसात ‘जुने’ ठरले. अशा लॅपटॉपवर लिनक्स बसवून तो आणखी काही वर्षे वापरता येतो, हे आम्ही या सदरात लिहिले होते. तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येतो आहे. घरातल्या कागदांचे, फोटोंचे फोल्डर तयार आहे. ते एकत्र बांधून, दाबून, दुबईला किंवा कुवेतला असलेल्या मुलाला, भावाला पाठवायचे आहे. उजवी कळ दाबून ‘कॉम्प्रेस’ केले तर मोठ्या फोल्डरला खिडकी मध्येच अडकून बसते. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर कमांड देऊन हे काम चटकन होते म्हणतात. ते कसे करायचे?

उत्तर एका ओळीचे आहे. पण त्या एका ओळीत आम्ही स्वतः अशी चूक केली की घरातला एक फोटो कायमचा गेला. त्यामुळे कमांडबरोबर ती हकिकतही सांगतो.

आमचे घर चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात अब्बांची कागदपत्रांची पेटी होती. खरेदीखत, फेरफाराच्या नकला, शाळा सोडल्याचे दाखले, आणि अब्बा जहाजावर नोकरीला होते त्या काळात दादीअम्मांना उर्दूत लिहिलेली पत्रे. पाणी ओसरल्यावर पेटीत चिखलाचा लगदा उरला होता. सरकारी कागदांच्या नकला हेलपाटे घालून पुन्हा मिळतात. पत्रांची नक्कल कुठल्याच कचेरीत नसते. पण त्याच्या दोन वर्षे आधी, एका ईदच्या सुट्टीत, आमच्या भाचीने कंटाळा घालवण्यासाठी म्हणून त्या पेटीतल्या प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. तेव्हा आम्ही तिला म्हणालो होतो, ‘बेटा, अभ्यास कर.’ आता ते फोटो म्हणजेच आमची पेटी.

गेल्या हिवाळ्यात घरावर वारसांची नावे लावायचे ठरले. भाईजान कुवेतला. त्यांनी फोनवर सांगितले, ‘सगळे कागद एकदम पाठव, एकेक फोटो नको. आणि अब्बांचे ते पत्र जरूर पाठव, फुफीच्या पैशांचे.’

हे पत्र काय ते सांगायला हवे. घराचा पाया घालताना अब्बांनी फुफीकडून, म्हणजे त्यांच्या बहिणीकडून, पैसे उसने घेतले होते. किती, ते त्या पत्रात आकड्यात लिहिले होते. ते परत केले की नाही याची नोंद कुठेच नाही. अब्बा गेले, दादीअम्मा गेल्या. फुफी आहेत, पण त्यांना विचारले की त्या म्हणतात, ‘भावाला दिले ते दिले, मी मोजले नव्हते.’ गेलेल्या माणसावरचे कर्ज मागे राहू द्यायचे नाही, एवढे तरी आम्हा भावंडांत एकमत होते. घराच्या कागदांवर सह्या व्हायच्या आधी ती रक्कम फुफींच्या हातात द्यायची असे ठरले. पत्र आम्ही सगळ्यांनी कधी ना कधी वाचले होते. आकडा मात्र कोणीच लक्षात ठेवला नव्हता. फोटो आहे ना, मग लक्षात कशाला ठेवायचे!

आता कमांडकडे येऊ. आपले मासिक देवनागरीत छापले जाते, म्हणून कमांड आम्ही उच्चाराप्रमाणे लिहीत आहोत. कीबोर्डवर तीच अक्षरे इंग्रजी लहान लिपीत टाइप करावीत. जिथे मोठे अक्षर हवे तिथे आम्ही तसे सांगू. लिनक्सला लहान ‘सी’ आणि मोठा ‘सी’ ही दोन वेगळी अक्षरे वाटतात. आडवी रेघ म्हणजे वजाबाकीचे चिन्ह, आणि दोन शब्दांमध्ये एक मोकळी जागा. फोल्डरचे नाव ‘कागद’ आहे असे धरू.

आधी ज्या फोल्डरात ‘कागद’ हे फोल्डर ठेवले आहे तिथे जायचे. ‘कागद’च्या आत नव्हे, त्याच्या बाहेर, एक पायरी वर. हे वाक्य दोनदा वाचावे, कारण आमची चूक इथूनच सुरू झाली. फाइलींच्या खिडकीत मोकळ्या जागी उजवी कळ दाबली की ‘टर्मिनल उघडा’ असा पर्याय येतो, तो घ्यावा. मग ही ओळ :

टार -सीझेडएफ कागद.टार.जीझेड कागद

एंटर दाबले की काम सुरू. फोल्डर मोठे असेल तर एखाद-दोन मिनिटे काहीच हलत नाही, घाबरू नये. पुन्हा ओळ सुरू करायची खूण दिसली की काम झाले. ‘झाले’ असा निरोप येत नाही. लिनक्स गरज नसताना बोलत नाही. काही बिघडले तरच तोंड उघडते.

‘टार’ हे नाव टेप आणि आर्काइव्ह या दोन शब्दांतून आले. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत हा प्रोग्राम आला, तेव्हा मोठ्या संगणकांतली माहिती चुंबकीय फितीवर उतरवून ठेवत. फितीवर फोल्डर नसतात, एकामागून एक माहिती असते. म्हणून अनेक फाइली एका सलग रांगेत लावून, प्रत्येकीच्या आधी तिचे नाव, आकार, तारीख लिहून एक गाठोडे बांधायचे, हे टारचे काम. तो दाबत काहीच नाही. दाबण्याचे काम ‘जीझिप’ नावाचा दुसरा प्रोग्राम करतो, जो १९९२ साली ज्याँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी लिहिला. म्हणून फाइलीला दोन शेपट्या असतात : ‘टार’ म्हणजे गाठोडे, ‘जीझेड’ म्हणजे ते गाठोडे दाबले आहे.

कमांडमधली तीन अक्षरे आता कळतील. ‘सी’ म्हणजे नवीन तयार कर. ‘झेड’ म्हणजे जीझिपने दाब. ‘एफ’ म्हणजे लगेच पुढे जे नाव येईल ते गाठोड्याचे नाव. त्यानंतर येईल ते सगळे गाठोड्यात भरायचे सामान. एफ नेहमी तिन्हींच्या शेवटी ठेवावे. कोणी ‘सीएफझेड’ असे लिहिले तर टार समजतो की गाठोड्याचे नाव ‘झेड’ आहे, आणि त्या नावाची एक फाइल बनवून मोकळा होतो.

आम्ही काय केले? आम्ही ‘कागद’ फोल्डरच्या आत शिरलो. सगळे फोटो समोर होते. कुठेतरी वाचले होते की तारा काढला, म्हणजे आकडा आठच्या वरचे फुलीसारखे चिन्ह दिले, की ‘इथले सगळे’ असा अर्थ होतो. म्हणून लिहिले :

टार -सीझेडएफ *

गाठोड्याचे नाव द्यायचे राहिले. आम्हाला वाटले, नाव नसेल तर यंत्र विचारेल, किंवा चूक दाखवेल. त्याने दोन्ही केले नाही. थोडा वेळ गेला, खूण परत आली, पडदा शांत. कुठे गाठोडे दिसेना. वाटले, चाललेच नाही वाटते. चहा पिऊन आलो आणि तीच ओळ पुन्हा दिली.

झाले होते ते असे. तारा लिहिला की टारला तारा दिसतच नाही. टर्मिनल त्या जागी फोल्डरातल्या सगळ्या फाइलींची नावे वर्णक्रमाने मांडते आणि मग ती यादी टारच्या हाती देते. एफच्या लगेच पुढे जे नाव ते गाठोड्याचे, हा टारचा नियम. यादीतले पहिले नाव होते ‘अब्बा-पत्र’. टारने निमूटपणे त्या फोटोच्या जागी बाकी सगळ्या फोटोंचे गाठोडे बांधून ठेवले. जुन्या फोटोवर नवीन माहिती लिहिली गेली. कचरापेटी नाही, ‘मागे घ्या’ नाही. इंग्रजी ‘ए’पासून सुरू होणारे एकच नाव त्या फोल्डरात होते, आणि तेच नेमके गेले.

संध्याकाळी भाची आली. फोल्डरात एका फोटोचे चित्र दिसत नाही आणि त्याचा आकार जवळजवळ दोन जीबी झाला आहे, हे तिने पाहिले. ‘फाइल’ नावाची एक छोटी कमांड आहे, कुठलीही फाइल आतून खरोखर काय आहे ते ती सांगते. तिने ती दिली. उत्तर आले : जीझिपने दाबलेली माहिती.

‘मामू, तुम्ही नाव दिलंच नाहीत.’

आम्ही म्हटले, ‘त्याने विचारायला नको?’

‘टार विचारत नाही मामू. त्याला सांगितलं ते तो करतो.’

तिच्या मूळ मोबाइलमध्ये ते फोटो उरले नव्हते. तो मोबाइल कधीच बदलला होता. सगळी भिस्त याच फोल्डरवर होती. आपाला फोन केला. आपा म्हणाल्या, ‘थांब, मला एकदा व्हॉट्सॲपवर आले होते.’ दोन दिवस शोधून त्यांनी पाठवले. पत्र तेच होते. पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान करून पाठवले जाते, आणि हे तर दोन-तीन हातांतून फिरून आलेले. ओळी दिसत होत्या, अक्षरे धूसर. आकडा होता तिथे चार खुणा दिसत होत्या, मागची तीन शून्ये. उर्दूत शून्य म्हणजे ठिपका, ते ठिपके कळत होते. पहिला आकडा दोन की तीन, ते कळत नव्हते. उर्दू आकडे ज्यांना येतात त्यांना माहीत आहे : दोनला वर एक वळण असते, तीनला आणखी एक दाता. तो एक दाता धुक्यात गेला होता.

इथे दाबण्याच्या दोन पद्धतींतला फरक सांगतो, कारण घराघरांत लोक ते एकच समजतात. मोबाइलच्या फोटोची फाइल, म्हणजे जेपीईजी, ही दाबताना काही टाकून देते. डोळ्याला सहसा जाणवत नाही असा बारीक तपशील ती सोडते, म्हणून आकार इतका कमी होतो. एकदा सोडलेले परत येत नाही, आणि पुन्हा पुन्हा दाबत गेले तर प्रत्येक वेळी आणखी जाते. जीझिप किंवा झिप काहीही टाकत नाही. उलगडले की जसेच्या तसे, एका ठिपक्याचाही फरक नाही. व्हॉट्सॲपवरही तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर लहान न होता पोहोचतो. आपाला तेव्हा तसे आले असते तर हा लेख अर्ध्यात संपला असता.

न टाकता दाबणे कसे जमते? सातबाराचे उतारे टाइप करून ठेवले आहेत असे समजा. ‘तालुका चिपळूण जिल्हा रत्नागिरी’ हे शब्द शंभर वेळा येणार. जीझिप पहिल्यांदा ते पूर्ण लिहितो. दुसऱ्यांदा फक्त एवढेच नोंदवतो की इतकी पावले मागे जा आणि तिथून इतकी अक्षरे उचल. ही युक्ती अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोघांनी १९७७ साली मांडली. त्यावर आणखी एक हात म्हणजे जे अधिक वेळा येते त्याला आखूड खूण द्यायची. ती त्याहून जुनी, डेव्हिड हफमन यांची १९५२ ची. म्हणून लिखाण, हिशेबाच्या याद्या, टाइप केलेली पत्रे खूप दाबली जातात. फोटो मात्र आधीच दाबलेला असतो, त्यात पुन्हा सापडेल असे फारसे काही उरलेले नसते. आमचे ‘कागद’ फोल्डर १.९ जीबीचे होते, गाठोडे झाले १.८ चे. ‘कमांड चुकली का, आकार कमी का नाही झाला?’ असे विचारणाऱ्यांना हेच उत्तर. फोटोंच्या बाबतीत गाठोड्याचा फायदा आकारात नसतो. शेकडो सुट्या फाइलींऐवजी एकच वस्तू हातात येते, मध्ये एखादी गळत नाही, फाइलींच्या तारखा तशाच राहतात आणि पोहोचली की नाही ते एकदाच विचारावे लागते.

भाचीने मग आम्हाला समोर बसवून सगळे पुन्हा करवून घेतले. तिने त्या चुकून बनलेल्या गाठोड्यालाही हात लावू दिला नाही. त्याचे नाव बदलून बाजूला ठेवले, कारण त्यात बाकी सगळे फोटो सुखरूप होते. आपाने पाठवलेला धूसर फोटो फोल्डरात ठेवला. मग एक पायरी वर जाऊन, नाव आधी देऊन, वर लिहिलेली पूर्ण ओळ दिली.

गाठोडे बांधून झाले म्हणजे काम झाले असे आम्ही समजत होतो. तिच्या मते तिथे अर्धेच झाले. पुढचे अर्धे म्हणजे तपासणी, आणि ती खरोखर सोपी आहे. आत काय आहे ते न उलगडता पाहायचे तर ‘सी’च्या जागी ‘टी’ :

टार -टीझेडएफ कागद.टार.जीझेड

सगळ्या फाइलींची यादी पडद्यावर सरकत जाते. याहून पक्की तपासणी ‘डी’ अक्षराची. तो गाठोड्यातली एकेक फाइल डिस्कवरच्या मूळ फाइलीशी ताडून पाहतो :

टार -डीझेडएफ कागद.टार.जीझेड

फरक असेल तर त्या फाइलीचे नाव सांगतो. काहीच बोलला नाही तर सगळे जुळले. शांतता ही चांगली खबर असते हे या वेळी आम्हाला पटायला जरा वेळ लागला, मागची शांतता आठवत होती. म्हणून तिसरी तपासणीही केली : ‘तपासणी’ नावाचे रिकामे फोल्डर बनवून गाठोडे त्यात उलगडले.

एमकेडीआयआर तपासणी

टार -एक्सझेडएफ कागद.टार.जीझेड -सी तपासणी

दुसऱ्या ओळीतला शेवटचा ‘सी’ मोठ्या लिपीतला. त्याचा अर्थ ‘त्या फोल्डरात जाऊन उलगड’. हे न लिहिता मूळ जागीच उलगडले तर गाठोड्यातल्या जुन्या फाइली तिथल्या त्याच नावाच्या फाइलींवर बसतात, तेही न विचारता. मधल्या काळात आपण एखाद्या कागदात दुरुस्ती केली असेल तर ती गेली.

जाता जाता, ज्यांना पाठवायचे ते विंडोजवाले असतील तर काय? विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार आहे, त्यामुळे हीच ओळ तिथल्या कमांडच्या खिडकीतही चालते. पण वडीलधाऱ्यांना ती खिडकी उघडायला लावण्यापेक्षा झिप बरे. ‘झिप -आर कागद.झिप कागद’ एवढेच. ‘आर’ विसरू नये, नाहीतर रिकाम्या फोल्डरची झिप होते आणि समोरचा माणूस म्हणतो, आत काहीच नाही. इथेही गाठोड्याचे नाव आधी आणि सामान नंतर.

आणखी तीन सावधगिऱ्या आहेत. नुसते ‘जीझिप’ लिहून एखाद्या फाइलीचे नाव दिले तर दाबलेली फाइल तयार होते आणि मूळ फाइल नाहीशी होते. मूळ ठेवायची असेल तर ‘-के’ लिहावे. दुसरे, जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या, म्हणजे एफएटी३२च्या, पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा असला तरी. आणि तिसरे, गाठोडे दाबलेले असल्यामुळे मध्येच एका जागी ते बिघडले तर त्यापुढचे सगळे उलगडणे कठीण होते. एकाच गाठोड्यावर भिस्त ठेवू नये. आमच्याकडे आता तीन आहेत : लॅपटॉपवर, पेनड्राइव्हमध्ये आपाकडे, आणि भाईजानकडे. पेनड्राइव्ह आपाच्या घरी वरच्या मजल्यावर असतो, हे चिपळूणकरांना समजावून सांगायला नको.

भाईजानना पाठवताना एक शंका निघाली. त्यात सगळ्यांचे आधार, पॅन, पासपोर्टच्या प्रती. उघडे कसे पाठवायचे? झिपमध्ये ‘-ई’ देऊन पासवर्ड घालता येतो, पण ते जुन्या पद्धतीचे कुलूप कमकुवत आहे, जाणकाराला ते फोडता येते. घरच्या माणसाने चुकून उघडू नये एवढ्यापुरते ठीक. आम्ही लिनक्समधले जीपीजी वापरले :

जीपीजी -सी कागद.टार.जीझेड

इथला ‘सी’ लहान. ते पासवर्ड विचारते आणि शेवटी ‘जीपीजी’ शेपटी असलेली नवी फाइल बनवते. मूळ तशीच राहते. भाईजानच्या मुलाने त्यांच्या विंडोजवर जीपीजी४विन हे मोफत सॉफ्टवेअर बसवले. पासवर्ड आम्ही फाइलीबरोबर पाठवला नाही, फोनवर सांगितला. हा पासवर्ड विसरला तर कोणी उघडून देऊ शकत नाही, म्हणून तो कागदावर लिहून बेगमच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवला आहे. तिचे म्हणणे असे की घरात हरवत नाही अशी तीच एक जागा आहे, आणि आम्ही वाद घातला नाही.

फाइल पोहोचल्यावर ती वाटेत बिघडली नाही ना, हे पाहायची रीत :

एसएचए२५६सम कागद.टार.जीझेड.जीपीजी

एक चौसष्ट अक्षरांची खूण मिळते. फाइलीतला एक ठिपका बदलला तरी खूण पार वेगळी येते. त्यांच्याकडची खूण आणि आमची खूण फोनवर वाचून ताडली. चौसष्ट अक्षरे वाचायला भाईजान कंटाळले. ‘पहिली आठ आणि शेवटची आठ वाचा, पुरे,’ असे आम्ही म्हटले. चुकून झालेला बिघाड ओळखायला तेवढे चालते.

खूण जुळली. मग ते म्हणाले, ‘अब्बांचे पत्र उघडले. आकडा कळत नाही रे. दोन आहे की तीन?’

आम्ही त्यांना सगळे सांगितले. चहाची गोष्टही सांगितली. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. आपा त्याच फोनवर होत्या, त्या म्हणाल्या, ‘लहानपणी दादीअम्मा हे पत्र मला वाचायला लावायच्या. त्यांना वाचता येत नव्हते. मला ओळी आठवतात, आकडा नाही.’

भाईजान म्हणाले, ‘मग तीन धरू. दोन असले तर फुफीला एक हजार जास्त गेले, आपल्याच फुफीला. तीन असले आणि दोन दिले तर काय तोंड दाखवणार?’ त्यांनीच पुढे काढले की त्या काळच्या तीन हजारांना आजचे तीन हजार देणे हाही हिशेब नव्हे. तेव्हा त्यांच्या गावात सोन्याचा भाव काय होता, ते आता फुफीच्या मुलाबरोबर बसून ठरवायचे आहे. फुफी अजून म्हणतात की घेणार नाही. ते काम चालू आहे.

आपाला आठवणाऱ्या ओळी आम्ही त्या रात्री फोनवर ऐकून टाइप करून घेतल्या, बहात्तर ओळी भरल्या. जिथे त्यांना शब्द आठवला नाही तिथे जागा मोकळी सोडली. ती फाइल उर्दू नावानेच ठेवली. लिनक्समध्ये फाइलीचे नाव उर्दूत, देवनागरीत चालते, आणि टार ते नाव जसेच्या तसे जपतो. धूसर फोटोच्या शेजारी ती ठेवून पुन्हा एक पायरी वर आलो, ओळ लिहिली आणि एंटर दाबायच्या आधी भाचीला दाखवली. एफच्या पुढे ‘कागद-२.टार.जीझेड’ होते. ती म्हणाली, ‘हं, आता दाबा.’

ज्यांना इथे लिहिलेल्या कमांड रोमन लिपीत हव्या आहेत त्यांनी आपला पत्ता घातलेले पाकीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवावे. एका कागदावर छापून पाठवू. त्या कागदावर तारा असलेली ओळही असेल, पण लाल शाईत आणि आडवी रेघ मारून.